पदकाच्या कडेवरचं नाव

१

केशवरावांना भिंगाची सवय कलेक्टर कचेरीत लागली आणि निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली तरी ती सुटली नव्हती. लग्नपत्रिका आली तरी ते ती भिंगाखाली धरून वाचत, आणि एकही चूक सापडली नाही तर दिवसभर उदास असत. १९८७ सालच्या श्रावणात मात्र त्यांना अशी चूक सापडली, की झाशीतल्या सगळ्या मराठी घरांचा चहा त्या दिवशी गार झाला.

खंडेराव गेटजवळच्या मंडळाच्या हॉलमध्ये गणपतीची तयारी चालली होती. यंदा तिसऱ्या दिवशी नायब सुभेदार मधुसूदनराव पागे यांचा सत्कार ठरला होता. पागे सैन्याच्या सिग्नल विभागात होते, अठ्ठेचाळीस साली काश्मीरच्या आघाडीवर होते, आणि एवढं असूनही वीस वर्षं मंडळाच्या पंगतीत मुकाट्याने पाणी वाढत होते. त्यांची मुलगी बकुळ पदक घेऊन आली होती. ते काचेच्या पेटीत ठेवायचं होतं.

अंबिकाबाई भिरूड शेजारीच खळीने पताका चिकटवत बसल्या होत्या. केशवरावांनी पदक उचललं, पुढून पाहिलं, मागून पाहिलं, मग कडेवर उभं धरून भिंग लावलं. लष्करी पदकाच्या कडेवर मानकऱ्याचा नंबर आणि नाव ठोकलेलं असतं, हे तोवर तिथे कुणाला माहीत नव्हतं.

"सिग्नलमन ए. व्ही. कर्पे," केशवरावांनी वाचलं. पुन्हा एकदा वाचलं. "हे पदक पाग्यांचं नाही."

हॉलमध्ये बारा माणसं होती आणि सगळ्यांनी ते ऐकलं. बकुळने पदक त्यांच्या हातातून घेतलं, रुमालात गुंडाळलं आणि ती निघून गेली. केशवरावांनी त्याच दुपारी छावणीतल्या माजी सैनिकांच्या कचेरीला रजिस्टर पत्र टाकलं. आठ दिवसांत पाग्यांच्या घरी नोटीस आली: दुसऱ्याचं पदक वापरल्याचा संशय आहे, खुलासा द्या, नाहीतर गणेश चतुर्थीच्या आदल्या दिवशी पदक जमा करा.

खुलासा द्यायला पंधरा दिवस होते. पाग्यांनी दहा दिवस एक अक्षरही लिहिलं नाही.

२

अकराव्या दिवशी सकाळी बकुळ अंबिकाबाईंच्या दारात उभी राहिली. ती शाळेत गणित शिकवायची. मराठी तिला सगळी कळे, पण बोलायला तोंड उघडलं की निम्मी हिंदी आधी बाहेर पडे.

"मावशी, पप्पा ठीक से खाना नहीं खा रहे. मेडल डब्यात भरून ठेवलाय. वापस करणार म्हणतात. काही बोलतच नाहीत. आप कुछ करिए ना."

ती अंबिकाबाईंकडेच आली याला कारण होतं. नवरा गेल्यावर अंबिकाबाईंना त्याच्या जागी रेल्वेत नोकरी मिळाली होती आणि भुसावळहून बदली होऊन त्या झाशीला आल्या, त्या हरवलेल्या पार्सलांच्या विभागात. तिथे त्यांनी सव्वीस वर्षं काढली. इटारसीला पाठवलेली हार्मोनियम त्यांनी बीनाच्या गोदामात शिलाई मशीन या नावाखाली शोधून काढली होती. त्यांचं म्हणणं असं, की रेल्वेत माल हरवत नाही, तो कुठेतरी पडून असतो. घोटाळा तीनच प्रकारांनी होतो. माल बदललेला असतो, मालक खोटा असतो, किंवा लेबल बदललेलं असतं.

शिवाय अंबिकाबाईंना राग आला होता. पागे म्हणजे शेजाऱ्याचं वर्तमानपत्र चुकून आपल्या दारात पडलं तर न उघडता पोचवणारा माणूस. अशा माणसाला चोर म्हणायचं आणि त्याने गप्प राहायचं, हे त्यांना सहन होईना. त्यांनी चपला घातल्या आणि बकुळबरोबर प्रेम नगरची वाट धरली.

मधुसूदनराव पुढच्या खोलीत बसले होते. त्रेसष्ट वर्षांचा ताठ माणूस. पुढचा एक दात सोन्याचा. ते हसले की आधी तो दात हसायचा. सुपारी फोडताना गेला, असं ते विचारणाऱ्याला सांगत. आज दात दिसत नव्हता.

अंबिकाबाईंनी आधी पदक मागून पाहिलं. फितीच्या मागे हिरव्या दोऱ्याची बारीक टीप होती. बकुळच्या दिवंगत आईने ती लग्नानंतर घातली होती आणि ती उसवल्याशिवाय फितीतून पदक निघालं नसतं. टीप जुनी, मळलेली, जशीच्या तशी होती. म्हणजे मंडळाच्या हॉलमध्ये कुणी पदकाची अदलाबदल केलेली नव्हती. माल बदललेला नव्हता.

"सुभेदारसाहेब, पदक तुमचंच?"

"माझंच."

"मग हे कर्पे कोण? हयात आहेत?"

मधुसूदनरावांनी आतल्या दाराकडे पाहिलं. मग ते म्हणाले, "तेही मला सांगता यायचं नाही. बाई, मी चोर नाही. यापुढचं बोलणं माझ्या हातात नाही."

कुणाच्या हातात आहे, असं अंबिकाबाईंनी विचारलं, तर ते उठून पाणी प्यायला गेले.

आतल्या खोलीत त्यांच्या आई होत्या. यमुनाबाई, वय ब्याऐंशी. उजव्या कानाने अजिबात ऐकू येत नसे, डाव्याने हवं तेवढं येई. खाटेवर मांडी घालून, पुढ्यात पानाचा डबा घेऊन त्या अडकित्त्याने सुपारी कातरत होत्या. पदकाची भानगड त्यांना कुणी सांगितली नव्हती. या वयात धक्का नको, असं बापलेकीने ठरवलं होतं. यमुनाबाईंनी अंबिकाबाईंना बसवून घेतलं, भुसावळची केळी अजून तशीच गोड असतात का ते विचारलं, आणि उत्तर न ऐकताच मान डोलावली.

खाटेवरच्या भिंतीवर एक फोटो होता. नऊवारीतल्या, नथ घातलेल्या पंचेचाळिशीच्या यमुनाबाई पाटावर बसल्या आहेत आणि त्यांच्या मांडीवर, अर्धा टेकून अर्धा अवघडून, एक चांगला मिशीवाला तरुण बसला आहे. केस फौजी कापलेले. तोंडभर हसतो आहे आणि पुढच्या दाताच्या जागी खिंडार आहे. समोर ताटात साखर, नारळ. बाजूला बकुळचे आजोबा, आबासाहेब, पागोटं घालून. खाली लिहिलं होतं, फाल्गुन शके १८७१.

"ये आजी-पप्पा की कॉमेडी फोटो," बकुळ म्हणाली. "पप्पा छुट्टी पे आये थे, तो लाड में गोदी में बैठ गये."

"महिनाभर मांडी शेकत होते मी," यमुनाबाई म्हणाल्या. म्हणजे हे त्यांना ऐकू आलं होतं.

निघताना बकुळने पाग्यांचं सेवापुस्तक आणून दाखवलं, निवृत्तीच्या वेळी फौजीला मिळतं ते. त्यात पहिलं पानच नव्हतं. नोंदी सुरू होत होत्या १९५०च्या मार्चपासून. शेवटच्या पानावर निवृत्तीचं वर्ष १९६७ आणि एकूण सेवा चोवीस वर्षं. अंबिकाबाईंनी गेलेल्या पानाच्या उरलेल्या पट्टीवरून बोट फिरवलं. कड ब्लेडने कापलेली नव्हती. बारीक बारीक अर्धगोल घास घेतल्यासारखी होती, आणि एका जागी तपकिरी डाग होता.

"चूहा होगा," बकुळ म्हणाली.

"उंदीर असा एका रेषेत खात नाही, पोरी," अंबिकाबाई म्हणाल्या आणि त्यांनी ते सगळं आपल्या डायरीत उतरवून घेतलं.

३

केशवराव घरी मानपत्राचा मसुदा पुढ्यात घेऊन बसले होते. अंबिकाबाईंनी विषय काढताच ते म्हणाले, कर नाही त्याला डर कशाला? माणूस खरा असेल तर बोलेल. "आणि सेवापुस्तकातलं पहिलं पान कापलं आहे, त्याचं काय?"

अंबिकाबाई थबकल्या. पान कापल्याचं त्यांनी कुणालाच सांगितलं नव्हतं आणि बकुळने तर त्यांनाच आज प्रथम दाखवलं होतं.

"तुम्हाला कसं कळलं?"

केशवराव गोंधळले नाहीत. मानपत्र लिहायला माहिती हवी म्हणून गेल्या महिन्यात त्यांनी ते पुस्तक नेलं होतं. पान तेव्हाही नव्हतं. पण तेव्हा त्यांना ते वाळवीचं काम वाटलं. मग त्यांनी मसुदा पुढे सरकवला. चार पानांचा होता. 'रणधुरंधर' हा शब्द तीनदा आला होता. केशवरावांचे डोळे पाणावले होते.

"अंबिकाबाई, मला काय हौस आहे का? अकरा दिवस खपून लिहिलं. पण खोट्या माणसाचं खरं मानपत्र मी वाचणार नाही."

या माणसाला चूक काढण्याचं व्यसन होतं, पण मनात कपट नव्हतं. अंबिकाबाईंनी त्यांच्या नावावर डायरीत काट मारली. जाता जाता त्यांनी एवढंच सांगितलं की मसुदा फाडू नका. केशवराव दारापर्यंत विचारत आले की का फाडू नको, पण त्यांना उत्तर मिळालं नाही.

४

छावणीतल्या कचेरीत तोमरसाहेब होते. निवृत्त सुभेदार मेजर, मिशा सायकलच्या हँडलच्या आकाराच्या, टेबलावर फायलींचा किल्ला. रेल्वेतून आलेय म्हटल्यावर त्यांनी आधी आपल्या साल्याच्या हरवलेल्या बिछान्याची तक्रार सांगितली. ती अंबिकाबाईंनी लिहून घेतली. त्यानंतर फाइल आपोआप उघडली.

तोमरांचं म्हणणं सरळ होतं. अभिलेख कार्यालयातून उत्तर आलं होतं. कर्पे नावाचा शिपाई खरोखर होता. अनंत विश्वंभर कर्पे, राहणार सागर, त्रेचाळीस साली भरती. पन्नासच्या मार्चनंतर त्याची एकही नोंद नव्हती. पागे वेगळा. "नाम अलग, बाप का नाम अलग, नंबर अलग. बहनजी, इसमें बचा क्या?"

नंबर कधी बदलतो का, असं अंबिकाबाईंनी विचारलं.

बदलतो, तोमर म्हणाले. शिपायाचा नायब सुभेदार झाला की त्याला नवा नंबर मिळतो. त्यांचा स्वतःचाही बदलला होता. ते बोलता बोलता थांबले, पण नाव काही कुणाचं बदलत नाही, असं म्हणून पुन्हा सुरू झाले. आणि मग त्यांनी आवाज खाली आणला. हा कर्पे साधा शिपाई नव्हता. आघाडीवरून सरकारला गेलेल्या खलित्यात त्याच्या शौर्याचा उल्लेख झाला होता. अशा शिपायाला पदकाच्या फितीवर लावायला कमळाचं छोटं धातूचं पान मिळतं. ते पान त्याने कधी घेतलंच नाही. अजून सरकारजमा पडून आहे.

तोमरांनी त्या खलित्याची नक्कल वाचून दाखवली. बर्फात टेलिफोनची तार तोफगोळ्यांनी तीनदा तुटली. तिसऱ्या वेळी कर्प्याची बोटं गारठून बधिर झाली होती. त्याने तारेवरचं वेष्टण दातांनी सोललं, पुढचा दात तुटला, तरी तार जोडून तो परत आला. त्या एका तारेवरून पुढे रात्रभर निरोप जात राहिले.

अंबिकाबाई हे डायरीत उतरवत होत्या. त्यांनी पेन्सिल खाली ठेवली.

"मग ते कमळाचं पान त्याला का पोचलं नाही?"

तोमरांनी एक जुना लिफाफा काढला. सन एक्कावन्न, रजिस्टर पोस्ट, सागरला वडिलांच्या पत्त्यावर. पाठीमागे पोस्टमनचा शेरा होता आणि खाली विश्वंभर कर्पे यांची मराठीत सही. शेरा 'पत्ता सापडला नाही' असा नव्हता, 'माणूस मयत' असाही नव्हता. शेरा होता, 'घेण्यास नकार'.

"अपने बेटे का इनाम कौन बाप लौटाता है?" तोमर म्हणाले. "लड़का नालायक निकला होगा."

अंबिकाबाई लिफाफ्याकडे बघत राहिल्या. सव्वीस वर्षांत त्यांनी परत आलेली हजारो पार्सलं पाहिली होती. मुलगा मेला असता तर बापाने ती खूण छातीशी धरली असती. परगावी असता तर घेऊन पुढे पाठवली असती. नालायक असता तरी कुतूहलाने फोडून पाहिली असती. हात जोडून माल परत करणारा माणूस एकच असतो. ज्याचा त्यावरचा हक्क सुटलेला असतो तो.

"तोमरसाहेब," त्या म्हणाल्या, "पदक घ्यायला परवा तुम्ही स्वतः पाग्यांच्या घरी या. चहा माझ्याकडून."

५

गणपतीच्या आदल्या दिवशी दुपारी चार वाजता प्रेम नगरातल्या त्या छोट्या खोलीत तोमर पावतीपुस्तक घेऊन बसले, केशवराव भिंग घेऊन बसले, आणि मधुसूदनराव इस्त्रीचा सदरा घालून, पदकाचा डबा मांडीवर घेऊन बसले. त्यांचा चेहरा पाहवत नव्हता. अंबिकाबाई आत गेल्या आणि यमुनाबाईंचा हात धरून त्यांना पानाच्या डब्यासकट बाहेर घेऊन आल्या.

बकुळ घाबरली. "मावशी, आजी को मत बताइए."

"तिथेच तर चुकलं तुमचं," अंबिकाबाई म्हणाल्या. त्यांनी यमुनाबाईंना डावा कान आपल्याकडे येईल असं बसवलं आणि मोठ्याने बोलायला सुरुवात केली, इतक्या मोठ्याने की समोरच्या गच्चीवर वाळवण घालणाऱ्या बाई कठड्याशी येऊन उभ्या राहिल्या.

त्यांनी आधी पदकावरून काय प्रसंग ओढवला ते सगळं सांगितलं. यमुनाबाईंचा अडकित्ता थांबला. मग अंबिकाबाईंनी आपला हिशोब मांडला. माल बदललेला नाही, हिरवी टीप साक्षीला आहे. मग मालक खोटा का? कर्प्यांच्या नोंदी पन्नासच्या मार्चमध्ये संपतात आणि पाग्यांच्या त्याच महिन्यात सुरू होतात. पागे निवृत्त झाले सदुसष्टला आणि त्यांची सेवा भरते चोवीस वर्षं. सदुसष्टातून चोवीस वजा केले की त्रेचाळीस उरतात, आणि त्रेचाळीसला भरती झाले होते ते कर्पे. बकुळने, गणिताची मास्तरीण असून, कपाळावर हात मारला.

"कर्प्यांचा दात तारेने तुटला. सुभेदारसाहेबांचा म्हणे सुपारीने. मी या घरात सुपारी खाणारं एकच माणूस पाहिलं, आणि ते सुभेदारसाहेब नव्हेत. फोटोत बघा, शके १८७१, म्हणजे पन्नास सालीच दात नाही."

तोमर उठून आतला फोटो बघून आले. येताना ते पाग्यांच्या तोंडाकडे बघत आले.

"आता उरलं लेबल," अंबिकाबाई म्हणाल्या. "तो फोटो लाडाचा नाही. साखर, नारळ, पागोटं आणि मुलगा मांडीवर. हा दत्तकविधीचा फोटो आहे. सागरच्या विश्वंभर कर्प्यांनी आपला मुलगा आबासाहेब पाग्यांना दत्तक दिला. बापाचं नाव बदललं, आडनाव बदललं, पाळण्यातलं नावसुद्धा बदललं. पलटणीत सगळे ओळखीचे, म्हणून पदक हातात पडलं. कमळाचं पान मात्र जुन्या नावाने सागरला गेलं, आणि दिलेल्या मुलाच्या कशावरच आपला हक्क नाही म्हणून त्या बापाने ते घेतलं नाही."

"छब्बीस साल का आदमी?" तोमरांचा विश्वास बसेना. "मूँछवाला? गोद?"

त्यांच्या गावी दत्तक घेत ते रांगतं पोर. केशवरावांना इथे आपला जन्म सार्थकी लागल्यासारखं झालं. आमच्या महाराष्ट्री रिवाजात दत्तकाला वयाची अट नाही, लेकुरवाळा माणूसही चालतो, असं त्यांनी कायद्याच्या भाषेत पाच मिनिटं समजावलं. मग ते एकदम थांबले. "हे मला आधी सुचायला हवं होतं," ते खालच्या आवाजात म्हणाले.

"पण पप्पा बोले क्यों नहीं?" बकुळने विचारलं. "और पहिलं पान किसने काटा?"

अंबिकाबाई वाकल्या आणि त्यांनी यमुनाबाईंच्या हातातला अडकित्ता अलगद काढून घेतला. डायरीतला एक कोरा कागद त्यात धरून दोनचार वेळा कातरला. कड झाली ती बारीक बारीक अर्धगोल घासांची. मग त्यांनी तो कागद सेवापुस्तकातल्या पट्टीशेजारी ठेवला. तपकिरी डाग काताचा होता.

सगळ्यांनी यमुनाबाईंकडे पाहिलं. त्या मुलाकडे पाहत होत्या.

"मीच कापलं," त्या म्हणाल्या. "निवृत्त होऊन आला तेव्हा म्हटलं, काय लिहिलंय वाचून दाखव. पहिल्याच पानाशी अडला. मी काय ते समजले. हातात अडकित्ता होता."

मग त्यांनी सांगितलं ते असं. त्यांना तीन मुलं झाली आणि तिन्ही गेली. पंचेचाळिसाव्या वर्षी मांडीवर आला तो हा, दुसरीने वाढवलेला, फौजेने घडवलेला. तो कधी आपला होईल असं त्यांना वाटेना. विधी चालू असतानाच त्यांनी त्याच्या कानात सांगितलं होतं, आता तू मधुसूदन; ते नाव तुझ्या तोंडून पुन्हा ऐकलं तर मी समजेन की तू तिचाच राहिलास. त्याने शब्द दिला आणि सदतीस वर्षं पाळला. चोर ठरायची वेळ आली तरी पाळला.

"अरे वेड्या," यमुनाबाई म्हणाल्या, "मी घरात म्हणाले होते. सरकारला सांगू नकोस असं कधी म्हणाले?"

"आईसाहेब, शब्द तो शब्द," मधुसूदनराव म्हणाले.

यमुनाबाईंनी डोळे पुसले, पानाचा डबा पुढे ओढला, सुपारी, चुना, लवंगा सगळं बाजूला काढलं आणि तळाचा पत्रा उचलला. खाली दत्तकपत्र होतं. त्यात घडी घातलेलं, काताने रंगलेलं सेवापुस्तकाचं पहिलं पान होतं. वर जुनं नाव, जुना नंबर, आणि डाव्या अंगठ्याचा ठसा. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हा. केशवरावांनी भिंग काढलं, तोमरांनी शाईची डबी काढून पाग्यांच्या डाव्या अंगठ्याचा नवा ठसा घेतला. दोन्ही ठसे शेजारी धरून दोघांनी आळीपाळीने पाहिले आणि शेवटी तोमरांनी पावतीपुस्तक मिटून खिशात घातलं.

नोंद दुरुस्त करण्याच्या अर्जात दोन्ही नावं लागणार होती. तोमरांनी जुनं नाव विचारलं तेव्हा मधुसूदनरावांनी आईकडे पाहिलं आणि पेन मागून घेतलं. त्यांनी नाव लिहून दिलं. बोलले नाहीत.

तोमर दाराशी वळले, टाचा जुळवल्या आणि त्यांनी पाग्यांना कडक सलाम ठोकला. सोन्याचा दात पंधरा दिवसांनी पहिल्यांदा दिसला.

६

सत्कार झाला. केशवरावांनी मानपत्र सात पानांचं केलं आणि सगळं वाचलं. त्यात पहिल्या परिच्छेदात त्यांनी स्वतःची जाहीर माफी घातली होती, तीही अलंकारिक. अंबिकाबाईंना नारळ मिळाला आणि तोमरांच्या साल्याचा बिछाना ललितपूरला सापडला.

दुरुस्तीचा कागद मात्र दिल्लीत दोन टेबलांवर अडला. एवढा मोठा माणूस दत्तक कसा, असा प्रश्न दोनदा आला. दत्तकाची बाब सरकारला पटवून देणं झाशीला नवं नव्हतं. या खेपेला झाशीचं म्हणणं मान्य झालं.

मार्गशीर्षात रजिस्टर पाकीट आलं. पोस्टमन सही मागू लागला तेव्हा यमुनाबाईंनी कुणालाच पुढे येऊ दिलं नाही. त्यांनी स्वतः मोडीत सही केली. पोस्टमनने ती आडवी-उभी धरून पाहिली आणि ठीक आहे म्हणून निघून गेला.

पाकिटात नखाएवढं कमळाचं पान होतं. मधुसूदनराव कोट घालून आईसमोर पाटावर बसले. अंबिकाबाई आणि केशवराव आलेच होते. यमुनाबाईंनी बकुळला हात लावू दिला नाही. पान फितीवर नीट बसेपर्यंत चार वेळा काढून घातलं.

"हे तिच्या लेकाचं आहे," त्या म्हणाल्या. "ती असती तर तिने लावलं असतं. तिच्या वतीने मी लावते."

मग त्यांना कडेवरचं नाव बघायचं होतं. केशवरावांनी न मागता भिंग दिलं. यमुनाबाईंनी पदक डोळ्यांशी नेलं, फिरवलं, पुन्हा फिरवलं. अक्षरं इंग्रजी होती. त्यांनी पदक आणि भिंग दोन्ही मुलाच्या हातात दिलं.

"वाच. काय लिहिलंय?"

कडेवर नुसतं ए. व्ही. होतं. मधुसूदनरावांना भिंगाची गरज नव्हती. ते आईच्या डाव्या कानाशी वाकले आणि त्यांनी पूर्ण नाव वाचलं.

"अनंत विश्वंभर कर्पे."

यमुनाबाईंनी ते शांतपणे ऐकलं. मग त्यांनी अडकित्ता उचलला आणि सुपारी कातरायला घेतली.

"नाव चांगलं होतं," त्या म्हणाल्या.